घासलेल्या होड्या

त्या दिवशी सकाळी मी बाबांवर वैतागले होते, आणि कारण नेहमीचंच होतं.

"माझ्या डब्याला हात लावायचा नाही, असं आपलं ठरलं होतं, बाबा."

"डब्याला कुठे लावला? आतल्या भांड्यांना लावला."

"ती भांडी नाहीत."

"आत काहीतरी शिजतं, तळाला करपतं, मग काळं राहतं. आमच्याकडे याला भांडं म्हणतात." त्यांनी हातातलं शेवटचं खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. "बघ. मान्य?"

"ठेवा ते खाली. मला उशीर होतोय."

तो चपटा डबा खाण्याचा नव्हता. त्यात माझ्या होड्या असत. बोटभर लांबीच्या, चिनी मातीच्या, पांढऱ्या. होडीत पूड भरायची, होडी नळीच्या भट्टीत सरकवायची, वरून नायट्रोजन सोडायचा आणि भट्टी लाल होईपर्यंत तापवायची. थंड झाल्यावर होडीत काळी भुकटी उरते. ती भुकटी म्हणजे माझी गेल्या काही वर्षांची कमाई. होड्या प्रयोगशाळेत ठेवायची सोय नव्हती, कारण तिथे माझा सहकारी मिशी होता. त्याने एकदा मिशी ठेवून पाहिली होती, आठवड्याभरात काढली, नाव मात्र राहिलं. तो कुणाचीही होडी उचलायचा आणि कुणालाही परत करायचा. म्हणून मी माझ्या होड्या घरी न्यायला लागले, आणि घरी बाबा होते.

आई गेल्यापासून आमच्यात वाटणी झाली होती. स्वयंपाक माझा, भांडी त्यांची. माझा स्वयंपाक बेताचा होता हे मला ठाऊक होतं, आणि त्यांचं घासणं बेताचं नव्हतं हे त्यांना. जन्मभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. नखांत ग्रीस घेऊन घरी यायचे आणि न्हाणीघरात अर्धा तास हात घासायचे. निवृत्त झाल्यावर हातांना घासण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून ते भांड्यांकडे वळले असावेत. त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी तारेच्या घासणीने कोरडं घासायचं, खरवडून निघाल्यासारखं, आणि मगच पाणी. "ओलं भांडं घासलं की घासणी घसरते आणि माणूस समजतो स्वच्छ झालं." मग प्रत्येक भांडं खिडकीशी धरायचं. पूर्वी ते पूर्ण वाक्य म्हणायचे: माझ्यासारखी भांडी कुणी घासत नाही, मान्य? पुढे पुढे नुसतं "मान्य?" उरलं. मी कधीच मान्य केलं नाही. "पाणी चाललंय वाया", "कढईला भोक पडेल आता", "ठेवा ते खाली", अशी माझी उत्तरं असत. ती त्यांना आवडत असावीत, कारण ते विचारायचे थांबले नाहीत.

होड्या त्यांनी पहिल्यांदा घासल्या तेव्हा मी खरंच चिडले होते. मग विचार केला. साबण असो, तेल असो, काल रात्रीची आमटी असो, होडी नुसती उघड्या हवेत भट्टीत टाकून तापवली की सगळं जळून जातं. तसं मी दर वेळी करू लागले आणि निर्धास्त झाले. त्या सकाळचा वैताग स्वच्छतेचा नव्हता. होड्या ओल्या होत्या आणि त्या वाळेपर्यंत मला ताटकळत बसावं लागणार होतं, एवढाच होता.

"काय म्हणते काजळी?" त्यांनी हात पुसत विचारलं. माझ्या भुकटीला ते काजळी म्हणत.

"बरी आहे."

"प्लॅटिनमला हटवलं की नाही अजून?"

मी त्यांना हे पुष्कळदा समजावलं होतं. फ्युएल सेलमध्ये एका बाजूने हायड्रोजन जातो, दुसऱ्या बाजूने ऑक्सिजन. दोघांचं पाणी होतं आणि होता होता वीज मिळते. अडचण ऑक्सिजनची असते. तो जागचा हलायला तयार नसतो. त्याला हलवायला प्लॅटिनम लागतं, आणि ते इतकं महाग की पुढचं सगळं गणित तिथेच अडतं. त्याऐवजी कार्बनची अतिसूक्ष्म जाळी घ्यायची आणि तिच्यातले काही अणू काढून तिथे नायट्रोजनचे बसवायचे. अशी जाळी ऑक्सिजनला हलवते. माझी तर उत्तम हलवत होती, आणि तिच्यात धातूचा कणही नव्हता. तोच आमचा दावा होता.

"म्हणजे भेसळच की," बाबा पहिल्यांदा ऐकून म्हणाले होते.

"मोजूनमापून केलेली."

"भेसळ ती भेसळ. प्लॅटिनम कायम नोकरीतला साहेब, आणि तुझी काजळी बदली कामगार. राबायचं तेवढंच, पगार नाही."

त्या सकाळी मी होड्या फडक्यात गुंडाळल्या, डबा बंद केला.

"मी दुपारी केस कापायला जातोय," ते दारातून म्हणाले. "किल्ली घेऊन जा, शास्त्रीबुवा. मागच्या वेळेसारखी जिन्यात बसू नकोस."

दुपारी न्हाव्याचा फोन आला. काका खुर्चीत झोपले असं आधी वाटलं, तो म्हणाला. मी पोचले तेव्हा त्याने दुकानाचा पडदा ओढून घेतला होता आणि बाबांच्या गळ्याभोवतीचं पांढरं कापड काढून नीट घडी केलं होतं. दुसरं गिऱ्हाईक बाहेर बाकावर बसून होतं, हातात न उघडलेलं वर्तमानपत्र.

"डावी बाजू राहिली होती, ताई," तो म्हणाला. "डॉक्टर येऊन गेले, मग मी तेवढी पुरी केली. तसं पाठवणं बरं दिसलं नसतं."

मी त्याचे आभार मानले. मला तेवढंच सुचलं.

*

पुढचे दिवस माणसांचे होते. "स्वतःला कामात गुंतवून घे," सगळे म्हणाले. मी कामावर गेले तर "इतक्यात?" असंही तेच म्हणाले. लिफ्टच्या कंपनीतले बाबांचे जुने सोबती आले आणि निघताना आमच्या इमारतीची लिफ्ट तपासून गेले. त्या सगळ्यांत मला तेवढंच पटलं.

आत्या राहायला आली. बाबांची धाकटी बहीण, स्वभावाने प्रेमळ, एका जागी बसणं माहीत नसलेली. तिने पडदे धुतले, डबे पुसले, आणि सिंकपाशी बाबांची घासणी उचलून कचऱ्यात टाकली.

"ती का टाकलीस?"

"अगं, गंजून गोळा झाली होती. दादाला कुठे काही टाकवायचं. मी स्पंज आणलाय, मऊ. खाली त्याने नव्या घासण्यांची चळत करून ठेवलीये, दुकान काढायचं होतं की काय कोण जाणे."

घासणीवरून भांडणारी बाई दिसायची माझी तयारी नव्हती.

प्रयोगशाळेत एकच काम बाकी होतं. आमचा शोधनिबंध परीक्षकांकडून परत आला होता, आणि त्यांची एकच मागणी होती: अगदी ताजी भुकटी बनवा, ती ऑक्सिजनला किती हलवते ते पुन्हा मोजा, आलेख जोडा. मॅडम, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, म्हणाल्या, "हे तर तू झोपेतही करशील." त्या निबंधावर माझी पुढची नेमणूक अवलंबून होती, मॅडमचा नवा प्रकल्पही. बाबा घासून गेलेल्या होड्यांत मी भुकटी केली. आलेख नेहमीसारखा चढला. खात्रीसाठी त्याच होड्यांत पुन्हा केली. या वेळी निम्माच चढला. तिसऱ्या वेळी जवळजवळ सपाट.

मी पूड बदलली. नायट्रोजनचा सिलिंडर बदलला. भट्टीची नळी बदलली. होड्या आम्लात बुडवून लख्ख केल्या, कारण आता मला कुठलीच अस्वच्छता परवडणारी नव्हती. नंतरची भुकटी सगळ्यांत वाईट निघाली. इतकी वाईट की साधा कोळसा बरा.

"होतं असं," मिशी म्हणाला. "तुझं मन थाऱ्यावर नाही."

"भट्टीला माझ्या मनाशी काय देणंघेणं?"

"तसं नाही गं. वजन करताना हात हलतो, एखादी पायरी राहते..."

"तू इथे उभा राहा आणि बघ."

तो बिचारा उभा राहिला. मी प्रत्येक पायरी मोठ्याने म्हणत केली, लहान मुलाला पाढे शिकवतात तशी. भुकटी मेलेलीच निघाली. मिशीने माझ्यासाठी कॉफी आणली, आणि त्याचा मला जास्त राग आला.

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. दार लोटून घ्यायला सांगितलं, तेव्हाच मी समजले.

"तू सुट्टी घे," त्या म्हणाल्या. "परीक्षकांकडून मी मुदत वाढवून घेते. मिशी करेल ही बॅच."

"त्याच्याकडूनही होणार नाही."

"का?"

"कारण चूक माझ्या हातात नाहीये, मॅडम."

"मी चूक म्हणतच नाही. वडील गेल्यावर मी स्वतः सहा महिने..."

"मॅडम, माझे वडील गेलेत. माझा तराजू गेलेला नाही."

हे जरा मोठ्याने झालं. बाहेर खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मॅडम चिडल्या नाहीत, नुसता चष्मा काढून पुसत बसल्या. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळं जग माझ्याशी हळू आवाजात बोलत होतं, आणि हळू आवाजात कुणीही माझं म्हणणं ऐकत नव्हतं.

मिशीने भुकटी केली, माझ्या लख्ख होड्यांत. तीही मेलेली निघाली. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू सुतक मी त्यालाही लावलं.

तेव्हा मी एक गोष्ट केली, जी आधीच करायला हवी होती. चांगल्या दिवसांतली उरलेली भुकटी आणि आताची मेलेली, दोन्ही धातूंच्या तपासणीला बाहेर पाठवल्या. आमच्याकडे तसा अहवाल होता, पण तो अगदी सुरुवातीच्या भुकटीचा. धातू नाही, असं त्यात आलं होतं आणि आम्ही तो विषय मिटवला होता. ती भुकटी बाबांनी होड्यांना हात लावायच्या आधीची होती, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

अहवाल आला. मेलेल्या भुकटीत काही नव्हतं. चांगल्या भुकटीत लोखंड होतं.

थोडंच. पण आमच्या धंद्यात थोडं म्हणजे पुष्कळ. नायट्रोजन बसवलेल्या जाळीत लोखंडाचे चार अणू जाऊन बसले की ऑक्सिजन मुकाट्याने हलतो, हे सगळ्यांना माहीत आहे. लोक मुद्दाम लोखंड घालून हेच करतात. आमचं वेगळेपण एवढंच होतं की आमच्यात ते नव्हतं.

"आलं कुठून?" मॅडम म्हणाल्या. आता आवाज नेहमीचा झाला होता, तेवढं एक बरं झालं.

मी शोधायला लागले. पाण्यात नव्हतं. पुडीत नव्हतं. चमचे प्लॅस्टिकचे, खल दगडाचा. आणि लोखंड येत होतं तेव्हा येत होतं, मग यायचं थांबलं. असं काय होतं जे मधेच थांबलं? मी ती यादी पुन्हा पुन्हा करत राहिले, प्रयोगशाळेतल्या प्रत्येक वस्तूची. घर तिच्यात नव्हतं.

*

रविवारी आत्या सिंकपाशी कुरकुरत होती.

"दादाने सगळ्या कपबशांची वाट लावलीये बघ. घासायचं म्हणजे किती घासावं माणसाने! या करड्या रेघा निघता निघत नाहीत."

मी पेपर वाचत होते. "कसल्या रेघा?"

"या. पेन्सिलने ओढल्यासारख्या."

मी उठून कप हातात घेतला. पांढरा कप, आत बारीक करड्या रेघा, एकाच दिशेने गोल गोल. एवढी वर्षं मी त्यातून चहा प्यायले होते.

"आत्या, हा कप मी नेते."

"कुठे?"

"कामावर."

"फुटका नाहीये, नुसता डागाळलाय. राहू दे, मी वापरते."

"आत्या, दे ना!"

तिने दिला. "तुझं बापासारखंच आहे," ती म्हणाली, "धड काही सांगायचं नाही."

सोमवारी मी कपात आम्लाचे थेंब टाकले, जरा वेळ थांबले, मग लोखंड दाखवणाऱ्या द्रावणाचा एक थेंब. लोखंड असलं की ते लाल होतं, नसलं की नाही. शाळेतली मुलंही करतात हा प्रयोग.

"कपात काय करतेस?" मिशीने विचारलं.

"चहा."

तो वाकून बघायला लागला तेव्हा कपाच्या तळाला लाल झालं होतं. चांगलं गडद.

मला खाली बसावंसं वाटलं, पण स्टूल मिशीने घेतलं होतं. भट्टीत साबण जळतो, तेल जळतं, आमटी जळते. लोखंड कशाला जळून जातंय? ते होडीच्या खरखरीत पृष्ठभागावर बसून राहिलं, आणि भट्टी लाल झाल्यावर भुकटीत शिरलं. नंतर मी भुकटी आम्लात उकळायचे, मोकळा धातू निघून जावा म्हणून. पण नायट्रोजनने धरलेलं लोखंड आम्लाला दाद देत नाही. मी इतकी वर्षं शिकले आणि एक तारेची घासणी माझ्या नजरेतून सुटली, कारण ती स्वच्छतेची वस्तू होती.

मॅडमना सांगायला गेले. या वेळी दार लोटलं नाही.

"घासणी," त्या म्हणाल्या.

"हो."

"आपला दावा धातूविरहित असण्याचा. आणि तुझ्या होड्या रोज घरी जाऊन लोखंडाने घासून येत होत्या."

"रोज नाही. पण बहुतेक."

"कोणी घासल्या?"

"बाबांनी."

त्यांनी दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून धरले. मला वाटलं रडतात की काय, पण नाही, त्या वैतागल्या होत्या, मनापासून, भरपूर. मला त्या दिवसांत पहिल्यांदा कुणाबरोबर तरी बरं वाटलं.

"अगं, पण तू त्यांना सांगितलं नाहीस?"

"सांगत होते. त्या दिवशी सकाळीसुद्धा सांगितलं. ऐकतील तर शपथ."

"निबंध मागे घ्यावा लागणार."

"हो."

"तुझी नेमणूक लांबणार."

"हो."

"आणि पुन्हा लिहायचा तर नुसती घासणीची गोष्ट सांगून चालणार नाही. सिद्ध कर. एक होडी नवी, न घासलेली. एक स्पंजने. एक तारेने, ते घासायचे तशीच. तिन्हीत भुकटी कर. तारेची चढली तरच मी मानेन." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "ते कसे घासायचे, माहीत आहे ना तुला?"

"कोरडं," मी म्हणाले. "आधी कोरडं, मग पाणी."

सिंकखालच्या चळतीतली एक घासणी मी काढली. आत्या दारात उभी राहून बघत होती. मी खिडकीपाशी उभी राहून होडी घासत होते, अंगठा आत घालून, गोल गोल, जसं त्यांना हजारदा बघितलं होतं तसं. बघितलं म्हणजे काय, तोंडाने कुरकुरत बघितलं होतं. घासणी बोटांत रुतत होती. थोड्या वेळाने खांदा भरून आला.

"अजून जोर लाव," आत्या म्हणाली. "दादा लावायचा तसा."

"लावतेय ना!"

"लावत नाहीयेस. दे इकडे."

"नको. हे मलाच करायचंय."

होडी उजेडात धरली. करड्या रेघा उमटल्या होत्या, पण फिकट आणि वेड्यावाकड्या. त्यांच्या रेघा एकाच दिशेने जात असत.

तीन भुकट्या झाल्या. मोजायच्या दिवशी मॅडम स्वतः आल्या आणि यंत्रासमोर माझ्या शेजारी बसल्या. मिशी मागे उभा. नव्या होडीची रेघ सपाट गेली. स्पंजचीही सपाट. तारेची सुरू झाली, आणि चढायला लागली.

"चढतेय," मिशी म्हणाला, अगदी हळू.

ती चढत राहिली. म्हणजे मी वेडी नव्हते, माझा हात हलत नव्हता, भुकटी खरी होती. नाव तेवढं चुकीचं होतं. मॅडमनी सुटकेचा श्वास टाकला तो मला ऐकू आला. त्यांनी जुनी रेघ, बाबांच्या वेळची, शेजारी पडद्यावर आणली. माझी रेघ तिच्या जवळ गेली आणि बरीच खाली थांबली.

"सिद्ध झालं," मॅडम म्हणाल्या. "पण तेवढी नाही आली. घासणी तीच ना?"

"तीच. त्यांनीच आणलेली."

"होडी?"

"तीच."

"पूड, भट्टी, नायट्रोजन?"

"सगळं तेच आहे, मॅडम."

"मग फरक कसला?" त्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या. माझ्या रेघेपासून जुन्या रेघेपर्यंत बोट वर नेलं. "हे एवढं अंतर कसलं?"

मिशी म्हणाला, "घासण्याचं असेल."

मी त्या दोन रेघांकडे बघत बसले. वरची नीट, सलग, एका दमात गेलेली. खालची माझी.

"मान्य," मी म्हणाले.

"काय मान्य?" मिशीने विचारलं.

"तुला नाही म्हणत." आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला, आणि मॅडमनी वळून बघितलं, पण आता थांबण्यात अर्थ नव्हता. "मान्य, बाबा. तुमच्यासारखी भांडी कुणी घासत नाही."